छोट्या स्टेशनावरची हाक

आमच्या खात्यात मोठ्या स्टेशनांचे लाड फार. लखनौचं चारबाग म्हटलं की दिल्लीहून आलेले साहेब घुमटांचे फोटो काढत तासभर फिरतील. पण तिथून थोडं उत्तरेला, बख्शी का तालाबच्या पुढं, उसाच्या शेतांमध्ये जे एवढंसं स्टेशन आहे, तिथं जायचं म्हटलं की सगळ्यांना एकदम महत्त्वाच्या मीटिंगा आठवतात. मलाही आठवायच्या. खोटं कशाला बोलू?

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात इंजिनिअर आहे. माहेर कऱ्हाडचं, नोकरी सगळी उत्तर प्रदेशात, घर जानकीपुरमला. राग नाकावर. आवाज असा, की आमचे क्लार्क म्हणतात, मॅडमना माईक लागत नाही. त्या स्टेशनावर मी पहिल्यांदा गेले ती मनातल्या मनात चरफडतच, कारण तिथली जुनी लाइन उखडून नवी टाकायचं काम चालू होतं आणि सिग्नल बसवायची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली होती.

इकडे मीटर गेजला छोटी लाइन म्हणतात आणि ब्रॉड गेजला बडी लाइन. छोटी लाइन या भागात पिढ्यान् पिढ्या होती. मग ती बडी करायची ठरली, रूळ उचलले आणि काही वर्षं गाडीच बंद. मी पोचले तेव्हा स्टेशन म्हणजे एक पडकी खोली, एक हातपंप, एक कडुनिंब आणि गवत. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. गवत सगळीकडे होतं, फक्त फलाटावर नव्हतं. फलाट लखलखीत झाडलेला.

झाडणारा माणूस तिथेच भेटला. तो या स्टेशनचा जुना पॉइंट्समन. म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा, झेंडी दाखवणारा, आणि छोट्या स्टेशनावर बाकीचं जे काय असेल ते सगळं करणारा माणूस. लाइन बंद झाल्यावर त्याला दुसऱ्या स्टेशनावर पाठवलं होतं. पण घर याच गावात. ड्यूटी संपवून सायकलवर घरी येताना तो रोज इथं थांबायचा आणि फलाट झाडायचा. वर्षानुवर्षं. कुणी सांगितलेलं नाही, कुणी बघत नाही.

मी म्हटलं, "भैया, इथं गाडी तर येत नाही. झाडता कशाला?"

तो म्हणाला, "मैडम, घर का आदमी बाहर गया हो तो क्या आँगन में झाड़ू नहीं लगाते?"

मी वहीत काहीतरी लिहीत असल्याचं सोंग केलं.

त्याचा बापही इथेच पॉइंट्समन होता. छोट्या लाइनच्या काळात पुढची वाट मोकळी असल्याची खूण म्हणून इंजिनच्या ड्रायव्हरला एक लोखंडी गोळा द्यायचे. वेताच्या मोठ्या कड्यात तो अडकवलेला असायचा, आणि गाडी न थांबता जाणार असली तर चालत्या गाडीतल्या ड्रायव्हरच्या हातात तो देणं हे बापाचं काम. फलाटाची भर गावातल्या लोकांनी स्वतः डोक्यावर माती वाहून घातली, असं पॉइंट्समन सांगायचा. सरकारनं विटा दिल्या, मातीला गाव आलं. त्याच्या आजीनं म्हणे एकवीस पाट्या टाकल्या होत्या. दर वेळी सांगताना आकडा एकवीसच, त्यामुळे मी विश्वास ठेवला.

नवी इमारत उभी राहिली, दिवसपाळीला स्टेशनमास्तर आले, आणि माझं सिग्नलचं पॅनल बसलं. बटणं, दिवे, बझर, सगळं चकचकीत. एके सकाळी बघते तर पॉइंट्समन कडुनिंबाच्या फांदीला रुळाचा हातभर तुकडा साखळीनं टांगतोय. ही छोट्या लाइनची घंटा. मागच्या स्टेशनावरून गाडी सुटली की बोल्टनं ही वाजवायची. लाइन बंद होती तेव्हा भंगारात जाऊ नये म्हणून त्यानं ती स्वतःच्या घरी धान्याच्या कोठीमागे ठेवली होती.

माझं डोकंच फिरलं. नव्या स्टेशनावर हा गंजका तुकडा! उद्या साहेब आले तर तोंड कुणाचं काळं होणार? मी तिथल्या तिथे ओरडले, "उतारो इसे. बझर किसलिए लगाया है?"

स्टेशनमास्तर खोलीतून बाहेर आले. पन्नाशीचे, बारीक, बोलणं एकदम लखनवी. म्हणाले, "बिलकुल उतरवा दीजिए मैडम. बस, पहले चाय पी लीजिए, फिर उतरवा दीजिएगा."

कऱ्हाडच्या बाईला अशा माणसाशी भांडता येत नाही हो. समोरचा ओरडला तर मी दुप्पट ओरडेन. पण हा चहा देतो! मातीचा कुल्हड हातात देऊन ते म्हणाले, "बझर तो मुझे बताता है, मैडम. गाँव को कौन बताएगा?"

आणि मग त्यांनी बोट दाखवून समजावलं. त्या तिकडे मेंथा, म्हणजे तेल काढायचा पुदिना. बायका सकाळी तिथं कापणी करतात. घंटा वाजली की हातातला भारा बांधायचा, पायाला लागलेला चिखल पंपावर धुवायचा आणि फलाटावर यायचं. तेवढ्यात गाडी येते. आधी येऊन ताटकळायला नको, आणि गाडी चुकायलाही नको. मी मुद्दाम घड्याळ लावून त्या शेताच्या बांधापासून फलाटापर्यंत चालत आले. बरोबर बसलं. एक मिनिट वर राहिलं, पाय धुवायला.

घंटा राहिली. भांडणात हरायची सवय नसल्यामुळे दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही.

पहिली पॅसेंजर आली त्या दिवशी सगळं गाव फलाटावर. झेंडूच्या माळा, ढोलक, लहानांना खांद्यावर घेतलेले बाप. घंटा वाजली. सगळे रुळांच्या टोकाकडे बघत उभे. मग एका म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि किंचाळली, "आई!"

पाठोपाठ सगळा फलाट, "आई! आई! आई!"

हिंदीत गाडी बाईमाणूस. "गाड़ी आई", म्हणजे गाडी आली. घाईत गाडी गळते आणि आई तेवढी राहते. हे सगळं मला ठाऊक होतं, हिंदीत माझं आयुष्य गेलंय. तरी शेकडो माणसं एका तोंडानं आईला हाका मारताहेत, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. का आला ते तेव्हा कळलं नाही, आणि कळून घ्यायला सवडही नव्हती, कारण पुढच्याच मिनिटाला कुणीतरी माझ्याच गळ्यात माळ घातली.

त्यानंतर मी त्या स्टेशनच्या प्रेमात पडले, असं म्हटलं तर आमच्या ऑफिसात हसतील. पण पडले. सहा पॅसेंजर थांबतात तिथं दिवसाला, दोन्हीकडच्या मिळून. बाकीच्या गाड्या धूळ उडवत निघून जातात. त्या सहा गाड्यांसाठी ही माणसं काय काय करतात! लाउडस्पीकर बिघडला तर स्टेशनमास्तर स्वतः दारात येऊन सांगतात, "सीतापुर वाली बारह मिनट लेट है, पानी-वानी पी लीजिए." शहरात मोठ्या दवाखान्यात निघालेल्या माणसाला कागदावर ठळक अक्षरात लिहून देतात, कुठं उतरायचं, कुठला टेम्पो धरायचा. आणि संध्याकाळी तोच माणूस उतरला की आधी विचारतात, डॉक्टर काय म्हणाले. खिडकीत एक खोकं ठेवलंय. त्यात विसरलेल्या वस्तू, चष्मे, छत्री, एक कवळी, आणि एकाच पायाची चप्पल. मी म्हटलं, एक चप्पल कोण न्यायला येणार? तर म्हणे, "जिसके पास दूसरी है." थंडीत धुकं पडलं की पॉइंट्समन फलाटावर शेकोटी करतो, आणि गावातला एक म्हातारा ठार बहिरा आहे, त्याला गाडी आल्याचं खांद्याला हात लावून सांगतो. हे कुठल्याही नियमावलीत नाही. मी शोधून पाहिलंय.

आता माझ्या घरातलं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझे वडील गेले आणि माझी आई कऱ्हाडला एकटी पडली. वय ऐंशी. मी एकुलती एक. काका-चुलते होते ते पांगले, काही गेले. मी तिला लखनौला घेऊन आले. नवरा दिल्लीत नोकरीला, मुलगी शिकायला बंगळुरात, तिथून फोनवर "नानी, कैसी हो?" विचारणार. घरात आम्ही दोघीच. दुसरा मजला. समोर पाण्याच्या टाक्या. मी सकाळी बाहेर पडले की संध्याकाळी उगवणार.

तिचं एकच पालुपद. "मला कऱ्हाडला सोड."

"तिथं कोण आहे तुझं?"

"इथं कोण आहे?"

"मी नाही का?"

यावर ती काही बोलायची नाही. हळूहळू बाकीचंही बोलेनाशी झाली. अर्धी पोळी, चमचाभर भात. शेजारच्या बायका "माताजी" म्हणून यायच्या, त्यांच्याकडे बघून हसायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही. मला धडकीच भरली. शेवटी मी तिला शब्द दिला. म्हटलं, "दिवाळीपर्यंत बघ. नाही रमलीस तर मी स्वतः तुला सोडून येते. मग वाद घालणार नाही." म्हणजे काय, हे दोघींनाही माहीत होतं. तिथं बंद घरात ती एकटी राहणार, आणि एक दिवस शेजाऱ्याचा मला फोन येणार.

श्रावणातली गोष्ट. एका रविवारी त्या स्टेशनावरचा एक सिग्नल रुसला आणि मला जावं लागलं. कामवाली बाई गावी गेलेली. आईला एकटं कसं ठेवणार? घेतलं बरोबर. पॅसेंजरनं गेलो, तिला कडुनिंबाखालच्या बाकावर बसवलं आणि मी कामाला लागले.

घंटा वाजली. टण, टण, टण. शेतातल्या बायका पाय धुऊन फलाटावर आल्या. आणि कुणीतरी ओरडलं, "आई!"

माझी आई ताडकन उठली. गेले कित्येक महिने जिला बिछान्यातून उठवायला मला दोन्ही हात लागत होते, ती बाई आपली आपण उठली, पदर सावरला, आणि आवाजाच्या दिशेनं वळून म्हणाली, "काय रे बाळा?"

तोवर सगळेच ओरडायला लागले होते. आई, आई! ती गोल फिरत बघतेय, कोण हाक मारतंय. आणि मी काय केलं? मी हसले. खो खो हसले. "अगं, गाडी आली म्हणतात ते! तुला नाही बोलावत कुणी!"

ती खाली बसली. हसली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी हा किस्सा रंगवून सांगितला, सगळे पोट धरून हसले. मला जोड्यानं मारायला हवं होतं.

मंगळवारी ती म्हणाली, "त्या स्टेशनावर परत कधी जायचंय?"

गेलो. पुढच्या रविवारी गेलो, त्याच्या पुढच्याही गेलो. ती घरून भुईमुगाच्या शेंगा भाजून न्यायची आणि बाकावर पसरून बसायची. मेंथावाल्या बायका तिच्याभोवती जमायच्या. ती कऱ्हाडी बोलणार, त्या अवधी बोलणार, कुणाला कुणाचं अक्षर कळत नसणार, आणि गप्पा तासभर! स्टेशनमास्तर "अम्मा जी" म्हणत चहा आणून द्यायचे. पॉइंट्समनला तिनं झाडू कसा धरावा हे शिकवलं, आणि त्या देवमाणसानं जन्मभर झाडू धरलेला असून मान डोलावत शिकून घेतलं. घरी येऊन ती दोन पोळ्या खायची. मी देवाला साखर ठेवली.

पण एक माझ्या लक्षात आलं. गप्पा कितीही रंगू देत, घंटा वाजली की ती गप्प व्हायची. ताठ बसायची. आणि ती हाक आली की डोळे मिटायची. गाडीकडे बघायचीसुद्धा नाही.

नवरात्राच्या सुमारास परतीच्या गाडीत मी तिला चिडवलं. "काय, आज पण उठणार होतीस की काय 'काय रे बाळा' म्हणत?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला काय खुळी समजलीस? गाडीला म्हणतात ते, माहितीय मला."

"मग?"

"माहीत असून ऐकलं तर कुणाचं काय जातंय? ऐंशी वर्षांत कुणी म्हटलं नाही मला."

खरंच म्हटलं नव्हतं. मी तिला वहिनी म्हणते. हो, जन्मदात्या आईला वहिनी. आमच्याकडच्या जुन्या माणसांना यात नवल वाटणार नाही. माझे वडील पाच भावांत थोरले. घरात चार दीर दिवसभर "वहिनी चहा, वहिनी भाकरी, वहिनी माझा सदरा". मी बोलायला लागले ती तेच ऐकून. सगळे हसले, कौतुक झालं, आणि तेच पडलं. आई म्हणजे आजी. सगळं घर तिला आई म्हणायचं. आमच्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं, तर ती जागा भरलेली होती. आजी गेल्यावर जागा रिकामी झाली, पण तोवर मी वीस वर्षांची घोडी, नवं काही म्हणायची लाज वाटली. वहिनीला कधी वाईट वाटत असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. तिनं चकार शब्द काढला नव्हता.

गाडीत बसल्या बसल्या मला चौथीतला निबंध आठवला. विषय, माझी आई. मी आजीवर लिहिला होता. तिची नथ, तिच्या हातचे लाडू, सगळं आजीचं. बाईंनी वर्गात वाचून दाखवला. मी नाचत घरी आले आणि स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं पुन्हा वाचला. वहिनी चुलीपुढे भाकरी थापत होती. सगळं ऐकलं आणि म्हणाली, "छान लिहिलंस." भाकरी करपल्याचा वास येत होता, तेवढं मला आठवतं. तिची भाकरी कधी करपायची नाही.

देवा रे. त्या रात्री मी ढसाढसा रडले.

ठरवलं, उद्या सकाळी हाक मारायची. त्यात काय मोठंसं? दोन अक्षरं. पण सांगते, सत्तावन्नाव्या वर्षी जीभ वळत नाही. सकाळी चहा घेऊन तिच्यापुढे उभी राहिले, तोंड उघडलं, आणि निघालं "वहिनी, साखर बरोबर आहे ना?" स्वयंपाकघरात नळ मोठा सोडून मी सराव केला. आई. आई. भांडी घासणारी बाई म्हणाली, "कौन आई, दीदी?" मी म्हटलं, कोणी नाही, तू भांडी घास. इतके दिवस जे दिलं नाही ते एकदम द्यायला गेलं की भीक घातल्यासारखं वाटेल, अशीही भीती. ती म्हणाली असती, मी बोलले म्हणून आता म्हणतेस होय? आणि खरंच तसंच होतं की.

असे आठवडे गेले. दिवाळी तोंडावर आली. वसुबारसेच्या आधीच्या रविवारी सकाळी बघते, तर तिच्या खोलीत तिची निळी बॅग भरून तयार. वर औषधांचा डबा, चष्म्याचं घर.

"वहिनी, हे काय?"

"शब्द दिला होतास. दिवाळीपर्यंत."

"पण तू रमलीस की! जेवतेस, हसतेस."

"आठवड्यातनं एकदा, स्टेशनावर. बाकीचे सहा दिवस मी भिंत बघते बाई. आणि तू मला ओढीनं ठेवून घेतलंयस असंही नाही. कर्तव्य करतेयस. चांगलं करतेयस, नाव ठेवायला जागा नाही. पण कर्तव्य करणारे शेजारी कऱ्हाडलाही आहेत."

बोचलं. तोंडात आलेलं खरमरीत उत्तर मी गिळलं. नोकरीच्या गावात बत्तीस वर्षं काढलेल्या बाईला कर्तव्य तेवढं येतं, हे ती कुठं चुकीचं बोलत होती? मी फोन काढला आणि तिच्यादेखत दोन तिकिटं काढली, पाडव्यानंतरची. शब्द म्हणजे शब्द.

ती म्हणाली, "आज तेवढं स्टेशनावर नेऊन आण. बायकांचा निरोप घेते."

त्या दिवशी फलाट भरलेला होता. दिवाळीच्या खरेदीला निघालेलं अर्धं गाव, पिशव्या, टोपल्या, नवे कपडे. वहिनीनं शेंगा वाटल्या, बायकांच्या गालांवरून हात फिरवला. स्टेशनमास्तरांना तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा ते इतके गोंधळले, की टोपी नसतानाही टोपी काढायला डोक्याला हात लावला. मग ती म्हणाली, "मी जरा पंपावर तोंड धुऊन येते." आणि एकटी निघाली. फलाट लांब आहे. हातपंप पार दुसऱ्या टोकाला. गर्दीतून वाट काढत, एका हातानं पदर धरून, ती माझ्याकडे पाठ करून चालत होती. एवढीशी झाली होती. मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला वाटलं, ही चालली. हिला मी आत्ता थांबवलं नाही, तर ही बाई मला पुन्हा मिळायची नाही.

आणि मी ओरडले. ठरवून नाही, सराव केला म्हणून नाही. पोटातून आलं.

"आई!"

सांगितलं ना, मला माईक लागत नाही.

सगळा फलाट उठला. पिशव्या उचलल्या, टोपल्या डोक्यावर चढल्या, बायकांनी मुलांना बखोटीला धरलं. "आई! आई!" सगळ्यांनी री ओढली. स्टेशनमास्तर खोलीतून धावत बाहेर, पॉइंट्समन हातात हिरवी झेंडी घेऊन अनवाणी. सिग्नल लाल, घंटा वाजलेली नाही, बझर गप्प. तरी झाडून सगळे माना लांब करून रुळांच्या टोकाकडे बघतायत.

"कहाँ आई, मैडम?" पॉइंट्समन माझ्याजवळ येऊन धापा टाकत विचारत होता. "घंटी तो बजी ही नहीं! कहाँ आई?"

मी फक्त बोट केलं.

एवढ्या मोठ्या गर्दीत रुळांकडे न बघणारं एकच माणूस होतं. फलाटाच्या पार टोकाला, पंपापाशी, ती वळून माझ्याकडे बघत उभी होती. तोंडावरचं पाणीही पुसलं नव्हतं. मग ती निघाली. त्या लोकांमधून, कोपरानं सरळ वाट करत, मला वाटलं नव्हतं इतक्या भरभर.

समोर येऊन उभी राहिली. माझा हात धरला, घट्ट.

"ओरडायला काय झालं?" ती म्हणाली. "बहिरी नाही मी. छप्पन्न वर्षं कान लावूनच बसलेय."

"राहशील?" मी विचारलं.

तिनं पदरानं माझे डोळे पुसले, मग स्वतःचे. "ती तिकिटं आधी रद्द कर," ती म्हणाली, "आणि घरी चल. अनारशाचे तांदूळ भिजवायचे राहिलेत."

मागे झाडाखाली पॉइंट्समननं बोल्ट उचलला होता. टण, टण, टण. मागच्या स्टेशनावरून गाडी खरोखरच सुटली होती.